सीमा बदलली की शिक्षा बदलायची



आज आपण फाशीच्या शिक्षेबद्दल बोलणार आहोत. विषय जड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कुठे एखाद्या लेकीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की तहसीलवर मोर्चा निघतो. आपल्या गटातल्या बायका कामधाम सोडून जातात, आणि पहिली घोषणा असते, 'फाशी झालीच पाहिजे.' त्या घोषणेमागचा राग खरा असतो. त्या रागाची चेष्टा करायला आम्ही बसलेल्या नाही. पण जी शिक्षा आपण मागतो, ती आपल्या भागात आजवर कुणी दिली, कुणाला दिली, कुणाला चुकली, हे आपल्याला माहीत असावं. म्हणून आज थोडा इतिहास, आणि शेवटी आजच्या काळातलं थोडं कामाचं.

आपल्या बोलण्यात ही शिक्षा जागोजागी लपलेली आहे. 'हत्तीच्या पायी देणं', 'सुळावर चढवणं', 'कडेलोट करणं' हे आपण सहज बोलून जातो. अवघड कामाला आपण 'सुळावरची पोळी' म्हणतो. हे सगळे एके काळी खरोखर दिलेले दंड होते. आणखी एक म्हण आहे, 'चोर सोडून संन्याशाला फाशी.' ही म्हण आज लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

जुना न्याय: माणूस बघून दंड

पेशवाईतली एक गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मुख्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द राघोबादादांना दोषी धरलं आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही, असं सांगितलं. रामशास्त्र्यांचं धाडस मोठंच. पण तो दंड अमलात आला नाही. ज्याच्या हाती सत्ता, त्याला फास लावणार कोण?

त्या काळात दंड जात आणि माणूस बघून ठरायचा. ब्राह्मणाला सहसा देहान्त देत नसत. बाईलाही सहसा देत नसत. पण म्हणून बाईची सुटका होती असं समजू नका. बदकर्माचा आरोप आला की तिला सरकारजमा करून बटीक करत. जीव राहायचा, पण तो आपला राहायचा नाही. खालच्या समजल्या गेलेल्या जातीच्या माणसाला मात्र सूळ लवकर सापडायचा.

आपला नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामाकडे होता. तिथे जुन्या मोगली वळणाचा न्याय चालायचा. त्या न्यायात खुनाच्या बाबतीत मेलेल्याच्या वारसांना विचारलं जायचं: जिवाच्या बदल्यात जीव हवा, रक्ताची किंमत म्हणून पैसे हवेत, की माफी द्यायची? यात गोम अशी की श्रीमंत माणूस पैसे टाकून सुटू शकत होता. पण ज्याचं माणूस गेलं त्याला कुणीतरी विचारत होतं, हेही खरं. पुढे इंग्रजी पद्धतीचा कायदा आला आणि खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा झाला. फिर्यादी सरकार, शिक्षा देणारं सरकार, माफी देणारंही सरकार. मेलेल्याच्या घरची बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि साक्ष संपली की बाजूला होते. आजही तसंच आहे.

एक मराठी मुलूख, तीन कायदे

आता शंभर वर्षांमागचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यात. नांदेड आपला स्वतंत्र जिल्हा. हे सगळं हैदराबाद संस्थान. संस्थानाचा दंडाचा कायदा वेगळा, हायकोर्ट वेगळं, आणि कोर्टाचं कामकाज उर्दूत. आपल्या आज्यापणज्यांपैकी कुणावर खटला चालला, तर आपल्याबद्दल काय बोललं जातंय हे त्यांना दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागे.

शेजारी सोलापूर, तिथे इंग्रजांचं राज्य. आणि खाली गोवा, तिथे पोर्तुगीजांचं राज्य. पोर्तुगालने १८६७ साली साध्या गुन्ह्यांसाठी फाशी बंद केली, आणि १८७० साली तो नियम आपल्या वसाहतींनाही लावला. म्हणजे एखाद्याने सावंतवाडीत खून केला तर त्याला फास होता. तोच खून सीमेपलीकडे पेडण्यात केला, तर फास नव्हता. पोर्तुगीज सरकार दयाळू होतं असं मुळीच नाही. बंड करणाऱ्यांना त्यांनी दूर तिमोर बेटावर आणि आफ्रिकेत हद्दपार केलं, गोळ्याही घातल्या. पण न्यायाधीशाने खुन्याला फास लावायचा, ही गोष्ट त्यांनी लवकर सोडली.

दक्षिणेत त्रावणकोर नावाचं संस्थान होतं, आज ते केरळात आहे. तिथल्या महाराजांनी १९४४ साली जाहीरनामा काढून फाशी बंद केली. म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच एका हिंदी राज्याने हा निर्णय घेतला होता.

सांगायचं असं की फाशी देवाने ठरवून दिलेली नाही. ती राज्यकर्त्यांनी ठरवली, कुणी ठेवली, कुणी काढली. सीमेची रेघ बदलली की शिक्षा बदलायची.

आपल्या मातीतले खटले

सत्तावनच्या बंडाच्या वेळची गोष्ट. नारखेडचे पटवारी रंगराव पागे नानासाहेब पेशव्यांचा निरोप घेऊन दक्षिणेत आले. देगलूरच्या पलीकडे कौलास आहे, तिथले राजे दीपसिंग त्यांना मिळाले. निजामाच्या मुलखात उठाव करायचा बेत होता. तो फुटला आणि सगळे पकडले गेले. रंगरावांना आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती जन्मठेपेत बदलली आणि त्यांना अंदमानला पाठवलं. तिथेच त्यांचा अंत झाला. राजा दीपसिंगांना मात्र काही वर्षांची कैद झाली. कट एकच, पण पटवाऱ्याचं माप वेगळं आणि राजाचं वेगळं.

लातूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सोलापूर आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात तिथे लोक उठले, पोलीस मारले गेले आणि इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. चौघांची नावं नीट ऐका. लिंगायत, मारवाडी, मुसलमान, मराठा. सरकारने त्यांना गुन्हेगार ठरवलं. सोलापूरने त्यांचे पुतळे उभारले. आज त्या चौकाला हुतात्म्यांचं नाव आहे. तेव्हा फास लागला म्हणून माणूस गुन्हेगारच होता, असं इतिहास म्हणत नाही.

मग आपला मुक्तिसंग्राम. ४ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबादेत आर्य समाजाचे तरुण कार्यकर्ते नारायणराव पवार यांनी निजामाच्या मोटारीवर बॉम्ब टाकला. निजाम वाचला. नारायणरावांना फाशीची शिक्षा झाली. ती अमलात येण्याआधीच सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाचं राज्य गेलं. नारायणरावांची फाशी टळली, पुढे सुटकाही झाली. राज्य आणखी काही वर्षं टिकलं असतं, तर तेच नारायणराव फासावर गेले असते. गुन्हा तोच, पुरावा तोच. बदललं होतं फक्त राज्य.

पोलीस कारवाईनंतर

इथे आम्हाला थोडं सावकाश बोलायचं आहे, कारण हे आपल्याच आजी-आजोबांच्या पिढीचं आहे.

रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या माणसांनी गावं लुटली, जाळली, बायकांची अब्रू घेतली. हे आपल्या घराघरांत सांगितलं जातं. पोलीस कारवाईनंतर रझवीला धरलं. त्याला फासावर लटकवा, असं लाखो लोकांना वाटत होतं. त्याच्यावर खटला चालला. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. १९५७ साली तो सुटला आणि पाकिस्तानला निघून गेला.

त्याच काळात, त्याच हैदराबाद राज्यात, नलगोंडा भागात दुसरे खटले चालू होते. जमीनदार आणि देशमुखांविरुद्ध तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली लढा दिला होता. त्यातल्या बारा जणांना खुनाच्या आरोपाखाली खास न्यायमंडळाने फाशी सुनावली. आम्हाला धड वकील मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. डिसेंबर १९४९ मध्ये हैदराबादच्या हायकोर्टाने त्यांचं अपील फेटाळलं. काही आठवड्यांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटना लागू झाली. ते सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं, हा निकाल घटना लागू होण्याआधीचा आहे, त्यामुळे तुमचं अपील आम्हाला ऐकता येणार नाही. बघा मैत्रिणींनो, काही आठवड्यांचा फरक आणि बारा माणसांचे जीव. त्यांच्यासाठी देशात आणि परदेशातही आवाज उठला. शेवटी त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली.

एकाच राज्यात, एकाच काळात, रझाकारांच्या पुढाऱ्याला सात वर्षं आणि बारा शेतकऱ्यांना फास. रझवीलाही फास हवा होता, असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की कुणाच्या गळ्याला दोर पोहोचतो हे नुसत्या गुन्ह्यावर ठरत नाही. वकील कोण, पुरावा कसा गोळा केला, खटला कोणत्या महिन्यात लागला, यावरही ते ठरतं.

आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, तरी बोलतो. रझाकारांनी मारलेल्यांचा हिशोब आपण सांगतो. पोलीस कारवाईनंतर उलटा सूड घेतला गेला, तो आपण कमी सांगतो. सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. समितीने हिंडून पाहिलं आणि लिहिलं की सगळ्यात जास्त हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाली. म्हणजे आपल्याच गावांत. संपूर्ण संस्थानात मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढे आलाच नाही. या माणसांवर कुठला खटला चालला? कुणी साक्ष घेतली? जमावाने दिलेला देहदंड कुठल्या तुरुंगाच्या वहीत लिहिला जात नाही. विधवा मात्र दोन्हीकडे झाल्या. रझाकारांनी मारलेल्यांच्याही, आणि नंतर मारलेल्यांच्याही. कुणी म्हणालं की 'कोर्टकचेरी नको, लोकांनीच निकाल लावावा', की आपल्या जिल्ह्याने हे एकदा पाहिलेलं आहे, एवढं आठवा.

एक देश, एक कायदा, तरीही

१९५१ साली देशाचा दंडविधान सगळ्या जुन्या संस्थानांना लागू झाला. लातूर-नांदेडला तोच कायदा आला जो मुंबईला होता. त्याच झटक्यात त्रावणकोरमध्ये बंद झालेली फाशी परत आली. गोव्यातही मुक्तीनंतर ती आली.

त्यानंतर कायदा हळूहळू मऊ होत गेला. आधी खुनाला फाशी हाच नेम होता आणि फाशी दिली नाही तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. १९५५ च्या दुरुस्तीने ते बंधन गेलं. १९७३ च्या फौजदारी संहितेने उलटं केलं. जन्मठेप हा नेम झाला, आणि फाशी द्यायची तर खास कारण लिहायचं. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच फाशी द्यावी.

आता वाटेल, कायदा एक झाला, मग न्यायही एक झाला असेल. आकडे बघा. या शतकात देशात आठ जणांना फाशी दिली गेली. २००४ साली कोलकात्यात एकाला. २०१२ साली पुण्यात येरवड्याला मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबला. २०१३ साली दिल्लीत तिहारला अफझल गुरूला. २०१५ साली नागपूरला याकूब मेमनला. आणि २० मार्च २०२० रोजी तिहारला निर्भया प्रकरणातल्या चौघांना. म्हणजे पाच दिल्लीत, दोन आपल्या महाराष्ट्रात, एक बंगालमध्ये. बाकीच्या राज्यांत एकही नाही. पण शिक्षा सुनावणं थांबलं आहे का? २०२२ या एकाच वर्षात देशभरातल्या सत्र न्यायालयांनी १६५ जणांना फाशी सुनावली. वरच्या कोर्टात यातल्या बहुतेकांची फाशी टिकत नाही. काहींची जन्मठेप होते, काही निर्दोष सुटतात. मधली पाच-दहा-पंधरा वर्षं माणूस फाशीच्या कोठडीत असतो आणि त्याच्या घरची बाई लातूरहून येरवड्याला नाहीतर नांदेडहून नागपूरला एसटीने जात असते. आपल्या राज्यात फाशी देण्याची सोय या दोनच तुरुंगांत आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशी झालेल्या कैद्यांना भेटून २०१६ साली अहवाल काढला. त्यातले चारात जवळपास तीन कैदी गरीब घरचे होते. भेटलेल्या ३७३ जणांत बाया फक्त १२.

अमेरिकेतही असंच आहे. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मिशिगन राज्याने १८४६ साली खुनासाठी फाशी बंद केली. गेल्या काही दशकांत मिळून सगळ्यात जास्त देहदंड टेक्सास राज्यात झाले. एकच देश, एकच झेंडा. माणूस कुठल्या राज्यात धरला जातो यावर त्याचं मरण ठरतं.

सोळा वर्षं

आता त्या म्हणीकडे येऊ.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांना मारलं. बाईवर आणि कोवळ्या मुलीवर बलात्कार झाला. त्या घरातली आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. ऐकतानाच अंगावर काटा येतो. कुणालाही वाटेल, यांना फाशीच हवी.

पोलिसांनी सहा जणांना धरलं. भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे, जालना जिल्ह्यातले. म्हणजे आपल्या मराठवाड्याचेच. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९ साली सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट म्हणालं, फाशी. पुढे त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांच्या आतला होता, हेही निघालं.

मग फेरविचाराची सुनावणी उघडली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? तर वाचलेल्या आईने घटनेनंतर दोन दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. त्या बाईने खरं सांगितलं होतं. तिचं ऐकलं गेलं नाही. कोर्टाने सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

सोळा वर्षं तुरुंगात. २००९ ते २०१९ या काळात कुठल्याही दिवशी दोर ओढला असता, तर पाच लाख रुपये कुणाला दिले असते?

आणि त्या आईचा विचार करा. तिचं कुटुंब गेलं. तिने खरी माणसं दाखवली. तिला कोर्टाने 'फाशी' हा शब्द तीनदा ऐकवला, पण न्याय एकदाही मिळाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. यात संन्याशाच्या घरची बाई रडली, आणि जिचं लुटलं गेलं तीही रडतच राहिली.

बाईच्या नावाने मागितलेली फाशी

अलीकडे राज्याराज्यांत नवा प्रकार आहे. अत्याचाराची घटना गाजली की सरकार फाशीचा कायदा आणतं. आंध्र प्रदेशाने २०१९ साली 'दिशा' आणला. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये 'शक्ती' विधेयक मंजूर केलं. बंगालने २०२४ साली 'अपराजिता' आणलं. नावं सगळी बायकांची, शक्तीची. आपल्या 'शक्ती'ला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते अमलात आलं नाही. पण घोषणा झाली, टाळ्या वाजल्या, आणि आपल्याला वाटलं काम झालं.

निर्भयानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली होती. तिने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. बलात्काराला फाशीची शिफारस तिने केली नाही. अनेक स्त्री संघटनांचंही तेच म्हणणं होतं. त्याचं कारण साधं आहे. बलात्काराच्या दहा गुन्ह्यांपैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. चुलता, शेजारी, मालक, मास्तर. फाशी आहे म्हटल्यावर घरचेच मुलीला म्हणतात, 'गप्प बस, तुझ्या एका शब्दाने त्याचा जीव जाईल, त्याच्या लेकरांचं काय?' तक्रारच होत नाही. आणि बलात्कारालाही फास, खुनालाही फास, तर साक्षीदार जिवंत ठेवायचा कशाला, असं गुन्हेगाराच्या मनात येऊ शकतं.

खैरलांजी आठवते का? सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावाने मारलं. आई, लेक आणि दोन मुलं. २००८ साली सहा जणांना फाशी झाली, तेव्हा पेढे वाटले गेले. २०१० साली हायकोर्टाने ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. पण त्याहून टोचणारी गोष्ट दुसरी होती. हा गुन्हा जातीच्या द्वेषातून झाला, हे कोर्टाने मानलंच नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं टिकली नाहीत. आपण फाशी-फाशी करत राहिलो आणि ज्या कारणाने ते कुटुंब मारलं गेलं, ते कारण कागदावर आलंच नाही.

आमच्यातही यावर एकमत नाही. काही जणी अजूनही म्हणतात की काही गुन्हे असे असतात की त्यांना दुसरी शिक्षा शोभत नाही. त्यांचं दुःख आम्ही खोटं ठरवत नाही. पण एका गोष्टीवर सगळ्या एक झालो. शिक्षा किती मोठी, यापेक्षा खरा माणूस पकडला गेला का, आणि लवकर पकडला गेला का, हे बाईच्या कामाचं आहे.

कामाच्या गोष्टी

लिहून घ्या, कुणाला कधी लागेल सांगता येत नाही.

पहिली गोष्ट. बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात हे लिहिलेलं आहे. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन करायचा तर १५१००. हा हक्क अत्याचार झालेल्या बाईलाही आहे आणि आरोप आलेल्या बाईलाही.

दुसरी गोष्ट. बलात्कार, लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला, यांत पीडितेला मदत देणारी 'मनोधैर्य' योजना महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. आरोपीला शिक्षा होण्याची वाट बघायची गरज नसते. अर्जासाठी त्याच विधी सेवा कार्यालयात विचारा.

तिसरी गोष्ट. गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांच्या आत असलेल्याला फाशी देता येत नाही. म्हणून मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले जपून ठेवा. भटक्या, ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांत हे कागद हरवतात आणि मग वय सिद्ध करायला वर्षं जातात. आणि फाशी झालेली बाई गरोदर असेल, तर हायकोर्टाने तिची शिक्षा जन्मठेपेत बदलायची, असा कायदा आहे.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पोलिसांनी जबाब लिहून घेतला की तो वाचून दाखवायला सांगा. आपण सांगितलं तेच लिहिलं आहे ना, हे बघा. चुकलं असेल तर दुरुस्त करून घ्या. फिर्यादीवर सही किंवा अंगठा त्यानंतरच. गुन्ह्याच्या फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नाशिकच्या त्या आईचा शब्द कागदावर होता, तरी सोळा वर्षं कुणी वाचला नाही. आपला शब्द कागदावरच आला नाही, तर पुढे कोण वाचणार?

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात कुणा बाईवर अत्याचार झाला, तर पहिल्या चोवीस तासांत आपला गट काय काय करेल? आणि गावातल्या जमावाने कुणाला पकडून मारायला सुरुवात केली, तर आपल्यातली कोण पुढे होऊन ११२ ला फोन लावेल? उत्तरं वहीत लिहा, नावासकट.

मोर्चाला जरूर जा. घोषणाही द्या. पण 'फाशी द्या' बरोबर आणखी एक घोषणा शिकून घेऊ: 'तपास नीट करा.' ती म्हणायला तितकी जोरकस नाही, पण आपल्या लेकींच्या ती जास्त कामाला येईल.